आधी मनगट, मग घड्याळ

इंदिरेच्या डाव्या भुवईच्या वर दोन बारीक खुणा होत्या. दोन्ही सारख्याच, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एका ओळीत. आणि त्यांच्यातले अंतर बोटाच्या पेराहून थोडे कमी. वर खपली धरली होती आणि भोवतालची कातडी हिरवट-पिवळी पडू लागली होती. म्हणजे जखम आठवडाभर जुनी असावी. चहाचा पेला ठेवायला ती वाकली, तेव्हा खिडकीतला उजेड नेमका कपाळावर पडला, म्हणून माधवरावांना त्या दिसल्या.

"हे काय लागलं गं?"

"कपाटाचं दार लागलं, अप्पा."

दाराला कड एकच असते. एका कडेच्या अशा दोन वेगळ्या खुणा कशा उमटतील, हा प्रश्न माधवरावांच्या मनात आला. त्यांनी तो तिथेच दाबून टाकला आणि पेला तोंडाला लावला.

इंदिरा आदल्या संध्याकाळी तळेगावाहून आली होती. बरोबर एक पिशवी, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेले नवऱ्याचे सोन्याचे मनगटी घड्याळ. ते बंद पडले होते. लग्नाला दीड वर्ष होत आले होते आणि असे होण्याची ही तिसरी खेप. घड्याळ बंद पडले की सासरचे इंदिरेला ते घेऊन माहेरी धाडत. "तुझ्या बापानं दिलेली वस्तू, तूच नीट करून आण," असा निरोप असे. माधवराव घड्याळ दुरुस्त करत. मग घड्याळ आणि मुलगी, दोन्ही परत पाठवत.

आंदर मावळातून दर आठवड्याला तूप घेऊन येणारी झुंबरबाई ओटीवर टेकली होती. तिने इंदिरेकडे पाहिले, मग माधवरावांकडे.

"भाऊ, पुन्यांदा घड्याळ बिगडलं जनू?"

"हो, मावशी. नाजूक चीज आहे."

"घड्याळ की लेक?"

झुंबरबाईने तुपाचा डबा पुढे सरकवला आणि पदर खोचत उठली. "आमच्यात लेकीला जावई नीट नांदवंना, तर बाप चार मान्सं घिऊन जातो नि दारात इचारतो. न्हाईच जमलं तर पंचांम्होरं काडी मोडतो. तुमी शानी मान्सं. तुमी घड्याळ दुरुस करून देता!"

"मावशी, तूप किती आणलंत?" घरातून अरुंधतीबाईंचा आवाज आला. तो मुद्दामच मोठा होता.

माधवरावांचे घड्याळांचे दुकान लोणावळ्याच्या बाजारपेठेत होते आणि त्याच्याच मागे त्यांचे घर. युरोपातल्या मोठ्या लढाईवरून परतलेल्या शिपायांनी मनगटी घड्याळ या भागात आणले. त्याआधी मनगटावर घड्याळ बांधणारा पुरुष बायकी समजला जाई. घड्याळ खिशात, साखळीला. पण आता हवा खायला येणारे मुंबईचे शेठ, टेकडीवरच्या बंगल्यांतले पारशी, वकील, डॉक्टर, साऱ्यांच्या मनगटावर घड्याळे दिसू लागली होती, आणि ती हौस खाली बाजारातही उतरली होती. माधवरावांकडे स्वित्झर्लंडची उत्तमोत्तम घड्याळे असत. पुण्याला मोठी दुकाने असूनही माणसे त्यांच्याकडे येत, त्याला कारण होते. माधवराव घड्याळ विकण्याआधी माणूस बघत.

"आधी मनगट, मग घड्याळ," हा त्यांचा शब्द. गिऱ्हाइकाने काचेतल्या घड्याळावर बोट ठेवले की ते म्हणत, "ते राहू द्या. हात दाखवा." मग प्रश्न सुरू. काम काय करता? उन्हात की सावलीत? घाम येतो का? लिहिता कुठल्या हाताने? रात्री वेळ बघावी लागते का? बसून राहणाऱ्या वकिलाला ते पातळ सोन्याचे घड्याळ देत, कारण ते अंगरख्याच्या बाहीत अडकत नाही. शिकारीला जाणाऱ्या साहेबाला रेडियमच्या आकड्यांचे, अंधारात दिसणारे. टेनिस खेळणाऱ्या पारशी बाईंना त्यांनी एकदा चक्क घड्याळ विकायचे नाकारले होते. "खेळताना काढून ठेवणार असाल तरच देतो," असे सांगून.

तिकोणा पेठेचे अंबाजी पाटील भाताचा हंगाम आटोपल्यावर सोन्याचे घड्याळ घ्यायला आले, तेव्हाची गोष्ट बाजारात अजून सांगत.

"पाटील, नांगराला हात लावता ना?"

"लावतो की."

"मग सोनं नको. घासून जाईल. हे घ्या, भक्कम आहे आणि आकडे मोठे आहेत."

"आकडं मला कुटं वाचता येत्यात?"

"मग वेळ कशी बघणार?"

"मी कशाला बगू? म्होरल्याला हात दावायचा, म्हनायचं, बगा वो किती वाजलं. म्हंजी वेळ बी कळती आन घड्याळ बी दिसतं!"

माधवराव पोट धरून हसले आणि त्यांनी पाटलांना रुंद, चकचकीत चांदीच्या डबीचे घड्याळ दिले. तेही बरोबरच होते. ज्याला दाखवायचे आहे, त्याला दिसणारे घड्याळ.

असा हा माणूस. पण स्वतःच्या जावयाच्या बाबतीत त्यांची पारख चुकली, आणि चुकली तीही घड्याळापायीच.

आपल्याकडे जावयाचा रुसवा ही कौतुकाची बाब समजतात. पंगत बसते, पाने वाढली जातात, नवरदेव पानावर हात आखडून बसतो. सासऱ्याने मनासारखी वस्तू दिली की तो घास घेतो, मग बाकीची पंगत जेवते. सगळे हसतात. सासराही हसतो, कारण हसण्यावाचून त्याला गत्यंतर नसते!

जावई त्र्यंबकराव ओव्हरसियर होते. सडकांच्या कामावर दिवसभर उन्हात, धुळीत उभे राहायचे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की चिखलात उतरायचे. म्हणून माधवरावांनी आधीच ठरवून त्यांच्यासाठी पोलादी डबीचे, धूळ आत न जाणारे उत्तम घड्याळ आणले होते. पंगतीत ते पुढे केले. त्र्यंबकरावांनी एकदा पाहिले आणि पाटाच्या कडेला सरकवले. घास घेतला नाही. माधवरावांनी दुकानातून दुसरे मागवले, चांदीचे. तेही बाजूला सरकले. भात गार झाला, वरणावर साय आली, मुले रडू लागली. शेवटी काचेच्या कपाटातले सर्वांत महागाचे, चौकोनी, पातळ, सोन्याचे घड्याळ आले. त्र्यंबकरावांनी ते उचलले, कानाला लावले, उजेडात फिरवून पाहिले आणि हसून मनगटावर बांधले. मग पंगत जेवली.

त्या वेळी माधवरावांना काय वाटले? राग आला? मुळीच नाही! त्यांना आनंद झाला. रात्री ते पत्नीला म्हणाले, "माणूस रसिक आहे. दोन नाकारली, तिसरं बरोबर उचललं. दुकानातलं सगळ्यात चांगलं यंत्र ते. पारखी आहे हो जावई!"

घड्याळांवर जीव असलेल्या माणसाला हाव ओळखू आली नाही. तिलाच तो रसिकता समजला. दोन वेळा वस्तू झिडकारताना जावयाने सासऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते, पंगतीतल्या भुकेल्या मुलांकडे पाहिले नव्हते, शेजारी बसलेल्या नवरीकडे पाहिले नव्हते. हे सगळे माधवरावांच्या डोळ्यांसमोर घडले. ते फक्त घड्याळ बघत राहिले.

आणि ते घड्याळ त्या कामाचे नव्हतेच. पहिल्या पावसाळ्यात त्यात दमट हवा शिरली आणि काचेच्या आत वाफ धरली. माधवरावांनी पुसून, सुकवून दिले. पुढल्या उन्हाळ्यात खडीची धूळ गेली. माधवरावांनी उघडून, धुऊन दिले. त्या दोन्ही वेळी इंदिरा चार-सहा दिवस राहिली, आईच्या मागे मागे घरात वावरली, आणि घड्याळ चालू होताच निघून गेली. पहिल्या खेपेला ती रडली होती. दुसऱ्या खेपेला रडली नाही. त्याचे अरुंधतीबाईंना बरे वाटले. "रुळली हो," त्या म्हणाल्या.

चहा संपवून माधवराव दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ उघडले. आत वाफ नव्हती, धूळ नव्हती. चाकांना गंज नव्हता. यंत्राच्या हृदयाशी जे चाक पुढेमागे हिंदकळत असते, त्याचा बारीक दांडा मोडला होता. केसाहून थोडासाच जाड, पण कठीण पोलादाचा दांडा. तो झिजून मोडत नाही. घड्याळाला जोराचा हिसका बसला तरच मोडतो.

त्यांनी डबी फिरवून पाहिली. काच शाबूत होती. सोन्यावर कुठेही पोचा नव्हता. मग हिसका कसला?

त्यांनी भिंग जरा सरकवले. चौकोनी डबीच्या वरच्या बाजूला दोन टोके पुढे आलेली होती, पट्टा धरणारी. त्यातल्या एका टोकाच्या बेचक्यात काहीतरी काळपट-तांबूस चिकटलेले होते. त्यांनी चिमट्याच्या अणकुचीने ते खरवडले. पांढऱ्या कागदावर एक बारीक कण पडला. तो गंज नव्हता. सोने गंजत नाही.

दोन टोकांमधले अंतर बोटाच्या पेराहून थोडे कमी होते.

माधवरावांनी भिंग काढून ठेवले. बाहेर बाजारात टांगेवाले ओरडत होते, चिक्कीच्या दुकानातून गुळाच्या पाकाचा वास येत होता, आणि धुक्यामुळे समोरच्या दुकानाची पाटीही नीट दिसत नव्हती. ते बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसले.

दुपारी इंदिरा जेवायला बोलवायला आली आणि दाराशी थांबली. घड्याळाचे भाग बशीत मांडलेले तिने पाहिले.

"कशाने मोडलं गं हे?" त्यांनी विचारले. तिच्याकडे न बघता विचारले.

ती अगदी हळू म्हणाली, "अप्पा, एक सांगू? इतक्यात दुरुस्त करू नका ना ते."

"का?"

"बंद असतं तोवर मी इथे असते."

माधवरावांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्यांना काहीतरी बोलायचे होते. पण तोंडातून निघाले ते एवढेच, "चल, पानं घेतली असतील."

वाचकहो, या माणसाला निष्ठुर म्हणू नका. तो तुमच्या-आमच्यासारखाच होता. आपल्यालाही किती गोष्टी दिसतात, आणि दिसल्या म्हणजे काहीतरी करावे लागेल या भीतीने आपण त्या न दिसल्यासारखे करतो!

त्या संध्याकाळी त्यांनी अरुंधतीबाईंना ती दोन टोके आणि त्या दोन खुणा यांविषयी सांगितले. अरुंधतीबाई दिव्याची वात सारत होत्या. त्यांचा हात थांबला, पण क्षणभरच.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं? फेकून मारलंन असेल. रागाच्या भरात माणसाचा हात उठतो. आपल्यात का काडीमोड आहे? घरी ठेवून घेतली तर टाकलेली म्हणतील. पाठची कुसुम उजवायची आहे. तिला कोण विचारील?"

"आणि पुन्हा मारलंन तर?"

"तुम्ही यंदाच्या दिवाळीला त्यांच्या मनासारखं काहीतरी द्या. माणूस खूश राहिला म्हणजे निवळेल."

अरुंधतीबाईंनी हे म्हटले खरे, पण म्हणताना त्या दिव्याकडेच बघत होत्या. माधवरावांनी मान डोलावली. निर्णय पुन्हा एकदा उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मुक्ताबाई दुकानात आल्या. बाजारामागे त्यांचा छोटासा दवाखाना होता. बायकांची बाळंतपणे करत, लागले-खुपलेले बांधून देत. साधे पांढरे लुगडे, हातात छत्री. त्यांचे जुने घड्याळ साखळीचे होते. नाडी बघताना ते एका हाताने धरावे लागे, म्हणून त्यांना मनगटी हवे होते.

"चांगलंच द्या, माधवराव. पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही मला."

"हात दाखवा, बाई." माधवराव सवयीने म्हणाले, आणि त्यांचे प्रश्न सुरू झाले. "हात किती वेळा धुता? कार्बोलिकने? मग चामड्याचा पट्टा कुजेल. पोलादी साखळीचा पट्टा घ्या. नाडी मोजायची म्हणजे सेकंदकाटा मोठा, ठसठशीत हवा. रात्री बाळंतपणाला जावं लागतं? कंदिलावर? मग रेडियमचे आकडे हवेत. सोनं नको तुम्हाला. बाळाला कोपरा लागेल असं चौकोनी तर मुळीच नको, गोल घ्या..."

मुक्ताबाई हसल्या. "मला मूल होताना नवऱ्याकडच्यांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती!"

तेवढ्यात इंदिरा आतून पाणी घेऊन आली. मुक्ताबाईंनी फुलपात्र घेतले, प्यायल्या नाहीत. त्यांची नजर इंदिरेच्या कपाळावर होती.

"काय लागलं, बाळ?"

"कपाटाचं दार."

"अस्सं." मुक्ताबाईंनी फुलपात्र खाली ठेवले, तिची हनुवटी धरून कपाळ उजेडाकडे वळवले, भुवईच्या हाडावरून बोट फिरवले. इंदिरेने डोळे मिटले. "हाड शाबूत आहे. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. जा तू आत."

ती आत गेल्यावर मुक्ताबाई माधवरावांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

"माझ्याकडे दिवाळीच्या सुमाराला अशी कपाळं फार येतात. शिमग्यालाही येतात. कुणी विचारलं की सगळ्याजणी हेच सांगतात, कपाटाचं दार. या गावात कपाटं फार झालीत, माधवराव!"

माधवरावांनी हातातले घड्याळ खाली ठेवले. मग एकदम त्यांचा बांध फुटला. त्यांनी सगळे सांगितले. पंगतीतला रुसवा, तीन घड्याळे, वाफ, धूळ, मोडलेला दांडा, बेचक्यातला कण. इंदिरा काय म्हणाली तेही सांगितले.

मुक्ताबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आत्ता तुम्ही मला केवढे प्रश्न विचारलेत! हात कशाने धुता, रात्री कुठे जाता. वस्तू वाया जाऊ नये म्हणून. हो ना? आता मला सांगा, इंदिरेला देताना यातला एक तरी प्रश्न त्या माणसाबद्दल विचारला होतात? रागावला की काय करतो? घरातल्या बायकांशी कसं बोलतो? मजुराच्या अंगावर हात टाकतो का?"

"पत्रिका पाहिली होती. घराणं..."

"घराणं पाहिलंत, पगार पाहिलात, पत्रिका पाहिलीत. माणूस पाहिला नाहीत. घड्याळासाठी मनगट बघता आणि मुलगी द्यायची तो हात बघत नाही!"

"चुकलं, बाई. पण आता काय करू? लोक म्हणतील..."

"लोक म्हणतील. चार दिवस म्हणतील, वर्षभर म्हणतील. मी विधवा होऊन डॉक्टरी शिकायला गेले तेव्हाही म्हणाले होते. तेच आता रात्री-अपरात्री माझं दार वाजवतात." त्या उठल्या. "एक गोष्ट लक्षात ठेवा. घड्याळ तुम्ही कितीही नीट करून दिलंत, तरी फेकणारा हात तोच राहणार. तो तुमच्या भिंगाखाली दुरुस्त होत नाही. आणि पुढच्या खेपेला ती घड्याळ घेऊन येईलच याची मला खात्री वाटत नाही."

छत्री उचलून त्या धुक्यात निघून गेल्या. माधवराव संध्याकाळपर्यंत भिंग लावून बसले. त्यांनी नवा दांडा बसवला. चाक हिंदकळू लागले. घड्याळ चालू झाले. घरात त्याची बारीक टिकटिक ऐकून इंदिरेने कुणी न सांगता आपली पिशवी भरायला घेतली.

सकाळी दुकान उघडले तोच खडकाळ्याचा भाताचा व्यापारी हौशीराम आला. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस.

"भाऊ, लेकीचा पयला दिवाळसन हाय. जावयाला घड्याळ पायजे. कसलं बी द्या, पर जावई रुसला न्हाई पायजे!"

"जावई काय करतात?"

"मास्तर हाईत शाळंत."

"खडूची पूड असते. बंद डबीचं हवं." माधवराव थबकले. मग म्हणाले, "हौशीराम, जावई रागीट आहेत का?"

"आँ? रागाचा नि घड्याळाचा काय संमंध?"

"आहे संबंध. लेक सासरहून आली की पोटभर जेवते का? हसते का? दार जोरात वाजलं तर दचकते का?"

हौशीराम गोंधळला. "न्हाई, म्हंजी... तसं काय इचारलं न्हाई कवा. बाईमानसाच्या गोष्टी त्या."

"विचारा. आधी लेकीला विचारा, मग घड्याळ घ्यायला या. मी कुठं पळून जात नाही."

एवढ्यात दारात सावली पडली. त्र्यंबकराव आले होते. गळाबंद कोट, पायांत बूट, हातात वेताची छडी.

"काय मामा, झालं का आमचं घड्याळ? घड्याळवाल्याचा जावई आणि हात रिकामा! कामावर मजूरसुद्धा हसतात." हौशीरामकडे बघून ते स्वतःच हसले. "आणि हिला म्हणावं आटप. गाडीची वेळ झाली. हो, दिवाळीचं आत्ताच सांगून ठेवतो. असलं पातळ कचकड्याचं नको. वरच्या बंगल्यातल्या शेटजींकडे आहे ना, सेकंदकाटा थांबवता येतो ते, तसलं हवं."

मागच्या दाराशी इंदिरा पिशवी घेऊन उभी होती. तिच्या मागे अरुंधतीबाई. इंदिरेने पदर कपाळावर पुढे ओढून घेतला होता.

"त्र्यंबकराव, घड्याळ मोडलं कशानं?" माधवरावांनी विचारले.

"पडलं."

"कुठं?"

"घरात. फरशीवर."

"सोनं मऊ असतं. फरशीवर पडलं असतं तर डबीला पोचा आला असता, काच गेली असती. दोन्ही शाबूत आहेत. ते दगडावर पडलं नाही. माणसाच्या हाडावर आदळलं."

कपाटातली सगळी घड्याळे ऐकू येऊ लागली.

त्र्यंबकरावांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे? मला खोटं ठरवता? परक्या माणसासमोर?"

"खोटं मी आजवर बोलत आलो. तिन्ही वेळा."

"माझ्या घरात मी काय करतो ते माझं मी बघीन! बायकोला शिस्त लावायची की नाही, हे आता घड्याळवाला सांगणार?" छडी काउंटरवर आपटली. आवाजासरशी इंदिरेचे सारे अंग आक्रसले, आणि तिचा हात आपोआप भुवईवर गेला. हौशीरामने ते पाहिले. अरुंधतीबाईंनी पाहिले. त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढेच निघाले, आणि त्यांनी मुलीच्या हातातली पिशवी काढून घेऊन मागे, घरात ठेवून दिली.

"ऐका, मामा," त्र्यंबकराव दात आवळून म्हणाले. "आज ही माझ्याबरोबर निघाली नाही, तर पुन्हा माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मग बसा जन्मभर सांभाळत. बोला, काय ते एकदा बोला!"

वाचकहो, या क्षणी माधवरावांच्या मनात काय चालले असेल, त्याची कल्पना करा. बाजार ऐकत होता. कुसुमचे लग्न समोर होते. टाकलेली लेक घरात, हे शब्द उद्या विहिरीवर, देवळात, गाडीच्या डब्यात त्यांच्या पाठीवर पडणार होते. यातले काहीच खोटे नव्हते. पण त्यांना हेही कळले, की रुसवा मान्य करणारा प्रत्येक सासरा जावयाला पहिला धडा देतो: तू नाकारलेस की आम्ही वाढवून देऊ. पंगतीत सोन्याच्या वस्तूवर सुरू झालेले हे झिडकारणे पुढे घरातल्या बाईपर्यंत पोचते. तो धडा आपण सगळे मिळून देतो, हसत हसत, हौस म्हणून. जावयाला काय द्यायचे याची आपण वर्षभर काळजी वाहतो. मुलगी कुणाच्या हाती द्यायची, आणि तो हात उठला तर ती परत कुठे येईल, याची एक दिवसही वाहत नाही. वाचकहो, मुलीला सांगा, की तिच्या माहेरचे दार उघडायला कसलेही निमित्त आणावे लागणार नाही. बंद पडलेले घड्याळही नाही.

माधवरावांनी खण उघडला. रुमालात गुंडाळलेले घड्याळ बाहेर काढले, कानाला लावून एकदा ऐकले आणि काउंटरवरून जावयाच्या पुढे सरकवले.

"घड्याळ चालू आहे, त्र्यंबकराव. ते तुम्ही घेऊन जा. इंदिरा येणार नाही."